बुडालेल्याची पावलं

१

मंगळवारी सकाळी लक्षात आलं, की भिंतीवरचे दोन पाय गायब आहेत.

पाय लाकडाचे होते, म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं. पण त्या दुकानात रोज वावरणाऱ्यांना हे कोण पटवून देणार? बाजारातला तयार बूट ज्यांना चढत नाही, अशा लोकांसाठी हाताने बूट शिवणारं ते दुकान. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाचा पाय फताडा, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. अशा प्रत्येक गिऱ्हाइकाचा पाय आधी लाकडात कोरायचा. त्या लाकडी पायाला म्हणतात कलबूत. चामडं ताणून चढवायचं ते त्या कलबुतावर, आणि एकदा कोरलं की ते गिऱ्हाइकाला जन्मभर पुरतं. मागच्या खोलीतली एक अख्खी भिंत या पायांनी भरलेली होती. दोनशेच्या वर जोड, प्रत्येक आपापल्या खिळ्याला दोरीने टांगलेला. जरा वारा शिरला की टाचा टाचांवर आपटायच्या आणि कुणीतरी सावकाश चालत आल्यासारखा आवाज व्हायचा.

त्यातही दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक जिवंत असेल तर कलबुताची बोटं खोलीकडे. गिऱ्हाईक गेलं, की बोटं भिंतीकडे फिरवायची आणि जोड कपाटाआडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात न्यायचा. गायब झालेला जोड त्या कोपऱ्यातला होता.

दुकानाचा मालक म्हणजे उस्ताद. वय पंचाहत्तर, कान शाबूत, बोलणं मोजकं. दुकानाचं पुढचं काउंटर सांभाळायचा त्यांचा पुतण्या, तिशीतला. त्यानेच फोन करून फौजदारांना बोलावलं. फौजदार निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचा डावा पाय बोटभर आखूड असल्यामुळे ते इथलेच जुने गिऱ्हाईक. घरी सुनेला त्यांचं दिवसभर घरात असणं जड जायचं आणि त्यांनाही, त्यामुळे चोरीचं ऐकताच ते छत्री घेऊन निघाले. तीन आठवडे हवा नुसती ओली होती. पाऊस नाही आणि ऊनही नाही.

"लाकडाचे जुने पाय चोरून कोण काय करणार रे?" त्यांनी चहाचा कप उचलत विचारलं. "कुणाचे होते?"

"लाँचवाल्याचे," पुतण्या म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वी नदीत बुडाला, तो."

फौजदारांनी कप तसाच खाली ठेवला. तो माणूस बुडाला, असं कागदावर लिहून खाली सही करणारे ते स्वतःच होते.

२

लाँचवाला नदीवर प्रवासी लाँच चालवायचा. एका धुक्याच्या सकाळी लाँच पुलाच्या खांबावर आदळली आणि दोन माणसं गेली. कुणी त्याला अजून काही विचारलंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी घाटाच्या शेवटच्या पायरीवर त्याचे बूट सापडले, नीट जोडीने ठेवलेले. फौजदारांनी तीन दिवस नदी धुंडाळली. प्रेत मिळालं नाही. गाळात रुतलं असेल, असं त्यांनीच ठरवलं, आणि त्याच्या दहा वर्षांच्या मुलीसमोर उकिडवे बसून, तिचे हात हातात धरून तिला ते सांगितलं. आयुष्यात त्यांनी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. झोपेत मात्र ती पोरगीच यायची. या दुकानात माप द्यायला आले तरी ते त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत.

"आत्ताच कसं लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"त्याची मुलगी आली होती. ती आता एकवीस वर्षांची आहे. आई दोन वर्षांमागे वारली, आता ही गाव सोडून नोकरीला चालली आहे. शुक्रवारी आली आणि म्हणाली, बाबांचं काहीच हाताला लागलं नाही, निदान त्यांच्या पायांचं माप तरी मला न्यायचंय. काका म्हणाले, मंगळवारी ये, देतो. आज सकाळी ती दारात उभी, आणि खिळा रिकामा."

"कुलूप?"

"शाबूत. काल रात्री मीच लावलं होतं."

"मग चोर घरातलाच. तुझ्यापासून सुरुवात करू का?"

पुतण्या कसनुसा हसला. "करा ना. मला ती मेलेल्यांची भिंत रिकामी करायची आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. सजावटवाला एकगठ्ठा घ्यायला तयार आहे. पण एकच जोड उचलून मला काय मिळणार? आणि वर तुम्हाला फोनही मीच करू?"

बोलणं बरोबर होतं. फौजदार विजेरी घेऊन कपाटाआड गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते त्या कोपऱ्यात उभे राहिले. ते सगळे पाय भिंतीकडे तोंड करून टांगलेले होते. शेजारच्या दोऱ्यांवर धूळ बोटभर साचली होती. रिकामा खिळा मात्र घासून घासून चकचकीत झालेला, आणि खिळ्यापासून शेजारच्या टाचेपर्यंत कोळ्याचं जाळं. ताजं होतं, पण पूर्ण विणलेलं होतं, आणि त्यात दोन किडे कधीचे वाळून गेले होते.

त्यांनी पुतण्याला हाक मारली. "अरे, हे काल रात्रीचं काम नव्हे. हा खिळा आठ-दहा दिवस रिकामा आहे."

"पण ती मुलगी तर शुक्रवारी आली," पुतण्या म्हणाला. "चारच दिवस झाले."

"तेच म्हणतोय मी. तिने मागायच्या आधीच कुणीतरी नेलंय."

३

बुटांची वरची चामडी शिवायची ती माई. नवरा गेल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, ती खिडकीपाशी यंत्र घेऊन बसत होती. फौजदारांनी स्टूल ओढलं तशी तिने यंत्र थांबवलं.

"मला विचारू नका साहेब. त्या कोपऱ्यात मी पाय ठेवत नाही."

"भीती वाटते?"

"तुम्ही इथे बसत नाही म्हणून असं विचारता. ते पाय फिरतात." तिने आवाज खाली आणला. "बुडालेल्याचे. बाकीचे मेले मुकाट भिंतीकडे बघत असतात. हा एकटाच वळतो. एकदा कपाटामागे कात्री पडली म्हणून वाकले, तर बोटं माझ्याकडे! उस्तादांना सांगितलं तर ते म्हणाले, वाऱ्याने फिरली असतील. वाऱ्याने फिरून परत सरळ लटकतात होय?"

"किती वेळा पाहिलंत?"

"तीनदा. दर वेळी थंडी सुरू होतानाच. मागच्या वर्षीही." ती थोडी थांबली. "बुडालेल्या माणसाला गारठा सोसत नसेल, दुसरं काय? खरं सांगते, एवढी धास्ती घेतली होती की नेऊन चुलीत घालावेसे वाटले होते. पण हात लावायचा धीर कुणाला होणार?"

फौजदारांना हसू आलं नाही. भूत आहे की नाही हा वाद त्यांनी कधी घातला नव्हता. पण दर वर्षी ठराविक मोसमात येणारं भूत त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. वेळ पाळतो तो जिवंत माणूस, असा त्यांचा अनुभव होता.

"सध्या काम किती आहे हाताशी?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गिऱ्हाइकांचे सात जोड. आणि एक उस्तादांनी काचेच्या कपाटात ठेवायला शिवायला सांगितला, तो आठवा. तपकिरी. नमुन्याचा आहे म्हणाले."

फौजदार उठले आणि पुढच्या काउंटरपाशी जाऊन काचेचं कपाट बघून आले. आत चार जोड होते. चारही जोडांचं चामडं उन्हाने पांढरं पडलेलं, आणि सगळ्यांत नव्या चिठ्ठीवर तेरा वर्षांपूर्वीची तारीख.

"या कपाटात नवीन जोड कधी ठेवला होता?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

"मी दुकानात आल्यापासून तरी नाही."

मग ते मागच्या खोलीत गेले आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांवर एकेक बोट ठेवत मोजू लागले. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या खिळ्यापासून मोजलं.

४

उस्ताद दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या बुटाच्या तळव्याला मेणदोऱ्याचे टाके घालत बसले होते. मांडीवर बूट, बुटाला पट्टा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक स्वतःच्या पावलाखाली दाबलेलं. त्यांनी मान वर केली नाही.

"सापडला का चोर?"

"चोर नंतर बघू. पाय कुठे आहेत ते सापडलं," फौजदार म्हणाले. त्यांनी पुतण्याला आणि माईला बाहेर बसायला सांगितलं होतं आणि दार लोटून घेतलं होतं. "उस्ताद, लाकडाचा पाय लपवायला या खोलीत सगळ्यांत चांगली जागा कोणती?"

उस्तादांनी दोरा ओढला. "तुम्हीच सांगा."

"बुटात. चामडं चढवलं की ते सुकेपर्यंत कलबूत आतच राहतं ना? तिथे फळीवर बघा. आठ जोड सुकताहेत. म्हणजे आत आठ कलबुतं. भिंतीवर जिवंत गिऱ्हाइकांच्या बाजूला रिकामे खिळे किती आहेत? सातच. आठवा रिकामा खिळा आहे कपाटाआड."

टाका घालता घालता उस्तादांचा हात थांबला.

फौजदार फळीपाशी गेले आणि तपकिरी जोड उचलला. तो अजून दमट होता. त्यांनी तो खिडकीकडे नेला. "नमुन्याचा जोड म्हणालात. नमुन्याचा बूट गुळगुळीत असतो, बघणाऱ्याने घ्यावा म्हणून. याच्या अंगठ्यापाशी हा उंचवटा कशाला? आणि पावलावर ही सूज? माझ्या स्वतःच्या कलबुताला तुम्ही किती वेळा चामड्याच्या चकत्या चिकटवल्यात, मला माहीत आहे. माणसाचा पाय म्हातारा होतो, हाड वाढतं, की तुम्ही नवं कलबूत कोरत नाही. जुन्यावरच चकती लावून नव्या पायाला जुळवून घेता."

"हो. तीच पद्धत आहे."

"मग मला एवढंच सांगा." फौजदारांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "अकरा वर्षांपूर्वी बुडालेल्या माणसाचं हाड कसं वाढलं?"

बाहेर वाऱ्याची झुळूक आली आणि भिंतीवरच्या टाचा एकापाठोपाठ एक वाजल्या. उस्तादांनी मांडीवरचा बूट बाजूला ठेवला, पायाखालचा पट्टा सोडवला आणि गुंडाळून ठेवला.

"घाटावर बूट सापडले त्याच दिवशी तो आला होता," ते म्हणाले. "मागच्या दाराने. अनवाणी. पाय फाटलेले. म्हणाला, उस्ताद, मी दोन माणसं मारली, मला घरी तोंड दाखवता येत नाही, नदीत शिरलो होतो पण तेही जमलं नाही. मी त्याला बूट दिले. कुणाला सांगू नका म्हणून त्याने शपथ घातली. मला वाटलं, महिनाभरात डोकं थंड होईल, परत येईल."

"आणि आला तो फक्त बुटांसाठी."

"त्याचा पाय तुम्ही बघितलेला नाही. दुसऱ्या कुणाचा बूट त्याला चालतच नाही, रक्त येतं. नदीपल्याड दूर कुठल्याशा गोदामात असतो. थंडी लागली की एका रविवारी येतो. दुकान बंद असतं. नवा जोड नेतो, पुढच्या जोडाचं माप देतो."

"आणि मग ती कलबुतं तुम्ही परत टांगताना कधीकधी बोटं खोलीकडे करून टांगत होतात."

उस्तादांनी चमकून वर पाहिलं. "मी?"

"माईला वाटतं भूत आहे. उस्ताद, जिवंत माणसाचा जोड कसा टांगायचा, ते तुमच्या हाताला पन्नास वर्षं पाठ आहे. तुमचं तोंड खोटं बोललं. हाताला ते जमलं नाही."

उस्ताद पुटपुटले, "शुक्रवारी पोरगी समोर आली तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. वाटलं, सोमवारपर्यंत बूट सुकेल, कलबूत काढीन, चकत्या खरवडून तिला देईन. त्याच्यासाठी दुसरं कोरून घेतलं असतं. पण ही हवा बघताय ना. चामडं सुकलंच नाही. ओल्या चामड्यातून कलबूत ओढलं की बूट बसतो, वाकडा होतो."

"म्हणजे एक बूट वाकडा होऊ नये म्हणून तुम्ही पकडले गेलात."

"त्याला वर्षभर त्यातच चालायचं असतं हो," उस्ताद म्हणाले.

"या वेळचा रविवार कोणता?"

"येता."

५

फौजदारांचा त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गप्प बसायचा मार्ग होताच. मुलीला सांगायचं, पाय सापडले नाहीत, जा बाई, सुखी राहा. मेलेला बाप निदान आपला तरी असतो. जिवंत असून न आलेल्या बापाचं तिने काय करायचं? पण एकदा तिच्या वतीने त्यांनीच ठरवून टाकलं होतं, आणि त्या ठरवण्याने तिच्या आयुष्याची अकरा वर्षं खाल्ली होती.

सकाळी ते तिच्या घरी गेले. घरात निम्मं सामान खोक्यांत होतं. त्यांनी काही न लपवता सांगितलं. ती खोक्यावर बसून ऐकत होती.

"आई दर वर्षी त्या तारखेला घाटावर जायची," ती म्हणाली. "शेवटच्या पायरीवर बसायची. शेवटी शेवटी मला तिला धरून न्यावं लागायचं. आणि ते इथून चार गल्ल्यांवर बूट घ्यायला येत होते."

"हो."

"काका, तुम्ही मला सांगितलं होतं ते बुडाले म्हणून. माझे हात धरून."

"चुकलो मी," फौजदार म्हणाले. "बूट सापडले तेवढ्यावर थांबलो. बुटांतला माणूस शोधला नाही. माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला."

ती त्यांना माफ आहे म्हणाली नाही, आणि त्यांनी ती अपेक्षाही केली नाही. तिने खोक्याची चिकटपट्टी नखाने सोलून काढली, पुन्हा दाबून बसवली. मग विचारलं, "रविवारी किती वाजता?"

रविवारी दुपारी दुकानाचं पुढचं दार बंद होतं. उस्तादांनी पुतण्याला आणि माईला सुट्टी दिली होती. मापाच्या खोलीत एक खुर्ची, खुर्चीसमोर जमिनीवर कोरा कागद, आणि कागदाशी बसायला बुटकं स्टूल. उस्तादांनी पेन्सिल उचलली, पण त्यांच्या हाताची थरथर इतकी होती, की रेघ सरळ येण्याची आशाच नव्हती.

"माझ्याकडे द्या," मुलगी म्हणाली. "कसं घ्यायचं ते सांगा."

उस्तादांनी एकदा फौजदारांकडे पाहिलं. फौजदार भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी काही खूण केली नाही. या वेळी ठरवायचं काम त्यांचं नव्हतं.

"पेन्सिल उभी धर," उस्ताद सांगू लागले. "टाचेपासून सुरुवात कर, पायाला चिकटून फिरव. आणि माणसाला बसलेला ठेवून माप घेऊ नकोस. उभं करायचं. अंगाचं पुरं वजन पडलं की पाय पसरतो, तोच खरा पाय. लोक भार चोरतात. कागदावर उभं राहायला माणूस लाजतो का कुणास ठाऊक."

मागचं दार दोनदा वाजलं. उस्ताद उघडायला गेले. मुलगी स्टुलावर बसली आणि तिने मान खाली घातली.

आत आलेला माणूस पन्नाशीचा होता, पण साठीचा दिसत होता. दोन्ही पाय जपून टाकत तो खुर्चीपर्यंत आला. कोपऱ्यातल्या फौजदारांवर त्याची नजर गेली, पण साध्या कपड्यातल्या त्या म्हाताऱ्याला त्याने ओळखलं नाही. स्टुलावरच्या मुलीलाही ओळखलं नाही.

"नवीन माणूस ठेवलंत होय उस्ताद?" त्याने बसता बसता विचारलं. उस्तादांनी मागच्या दाराला कडी घातली. त्याने बूट काढले, मोजे काढले. अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, पावलावर सूज, टाचांना भेगा. मुलीने दोन्ही हातांनी त्याची उजवी टाच धरली आणि पाऊल कागदावर ठेवलं. पेन्सिल टाचेपासून निघाली, हाडाला वळसा घालून बोटांकडे आली. करंगळीशी येऊन ती थांबली. कागदावर एक थेंब पडला, आणि मग दुसरा.

माणूस खाली वाकला. त्याला तिचा भांग दिसला, कानामागची जुनी खोक दिसली, लहानपणी लाँचच्या पायरीवरून पडल्याची. पाय मागे ओढायला त्याने जोर लावला, पण तिने टाच सोडली नाही.

"उभे राहा बाबा," ती म्हणाली. "सगळा भार टाका. मला खरं माप हवंय."

खुर्चीच्या हातांना धरून तो माणूस उठला आणि दोन्ही पायांवर उभा राहिला.